चौथ्या खिळ्यावरची गिटार

मी एक जुनी गिटार आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करते, स्वभावाने अतिशय भित्री आहे. सुहुम गावात बाजाराच्या रस्त्यावर यॉ बोआडू नावाच्या शिंप्याचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत भिंतीवर चार खिळे आहेत. त्यातल्या चौथ्या खिळ्यावर, अगदी दाराला लागून, मी असते. बरीच वर्षं दार उघडलं की मी घाबरायची.

मी काही कारखान्यातली नव्हे. दारंखिडक्या करणाऱ्या एका सुताराने हलक्या वावा लाकडाचं माझं पोट केलं आणि ओडुमच्या लाकडाची मान जोडली. यॉच्या मामाने मला हौसेने करवून घेतलं होतं. मामा मला ताडीवाल्याच्या छपराखाली घेऊन बसायचा. मला वाजवायला त्याला दोनच बोटं लागत, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. उरलेली तीन बोटं तारांखाली माझ्या पोटावर निवांत टेकलेली असत. वर्षानुवर्षं टेकून टेकून तिथलं पॉलिश गेलं आणि आतलं पांढुरकं लाकूड दिसू लागलं. लोक ताडीचा पेला खाली ठेवून ऐकायचे. मला तेव्हा भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं.

मामा गेला. आमच्याकडच्या रीतीने मामाची वस्तू भाच्याकडे जायची, तशी मी यॉकडे आले. यॉला गिटारीचं वेड होतं, पण मामाच्या दोन बोटांची त्याला लाज वाटायची. "ते ताडीच्या छपराखालचं वाजवणं," तो म्हणायचा. तो पाचही बोटांनी वाजवायला शिकला आणि चांगलं वाजवू लागला. मग एक लाल विजेची गिटार आली. तिच्यामागोमाग घुंघुं करणारा अॅम्प्लिफायर आला, नायलॉनच्या तारांची एक नाजूक गिटार आली, एक धिप्पाड बास आला आणि आवाज बदलणारे, पायाने दाबायचे पेडलही आले. दुकानातल्या कोटांना टांगायला जागा उरेना, तेव्हा त्याची बायको सेरवा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तर, चार खिळे दिलेत. पाचवा ठोकायचा असेल तर त्यावर आधी मला टांगा!"

तेव्हापासून नियमच झाला. नवं कुणी आलं की जुनं कुणीतरी जायचं. नायलॉनवाली गेली. बासही गेला. जाणाऱ्याला यॉ आधी पुसून लख्ख करायचा, म्हणून कुणी मला प्रेमाने पुसायला घेतलं तरी मला वाटायचं, आता माझी पाळी.

पण मित्रांनो, खरी भीती पुढेच होती. दर रविवारी चर्चमधून आल्यावर यॉ आम्हा सगळ्यांना एकेक करून खाली काढून वाजवायचा. एका रविवारी त्याचं मधलं बोट माझ्या तारेवर उशिरा पोहोचलं. पुढच्या रविवारी ते पोहोचलंच नाही. मग अनामिका तशीच झाली आणि करंगळीही. यॉने तारा बदलल्या. नंतर त्याने लाल गिटार देऊन निळी आणली. एकामागून एक पेडल बदलले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं त्याचं चाललं होतं. पण त्याला हसायची माझी हिंमत नव्हती, कारण त्याचे हात घामाने ओले असायचे. शिंप्याचा उजवा हात चालत नाही हे गावाला कळलं असतं, तर त्याच्याकडे कापड कुणी आणलं असतं? तो कुणालाच काही बोलला नाही. सूपात बुडवलेला घास धरतानाही त्याची बोटं सैल पडायची.

"काय हो, सूप पोटात कमी आणि सदऱ्यावर जास्त?" सेरवा म्हणायची.

"तूच पातळ केलंयस," असं म्हणून तो उठून जायचा.

अशातच हरमत्तान सुरू झाला. उत्तरेकडून धूळ घेऊन येणारा तो कोरडा वारा माणसांचे ओठ फोडतो आणि आमचं लाकूड. दरवर्षी लाकूड सुकू नये म्हणून यॉ साबणाच्या डबीला भोकं पाडून, तीत ओला स्पंज घालून ती माझ्या पोटात सोडायचा. त्या वर्षी त्याला ते सुचलंच नाही. एका दुपारी माझ्या पोटात टक्‌ असं झालं. झिजलेल्या जागेशेजारी बारीक चीर पडली होती. ती कुणाला दिसू नये, एवढंच मी मागत होते. तडकलेल्या गिटारीला कोण ठेवतं?

आणि एका शनिवारी यॉने मला पुसायला घेतलं.

चर्चच्या वाद्यवृंदातले लारतेकाका आले होते. त्यांच्याकडे एक पेडल होता. एक सूर वाजवला की तो तोच सूर पुन्हापुन्हा घुमवायचा. यॉच्या मनात काय होतं ते मला कळलं. सूर घुमत राहिले, तर कमी पडलेली बोटं कुणाला दिसणार नव्हती. त्या पेडलच्या बदल्यात मी जाणार होते.

"मास्तर, जरा वाजवून दाखवा," लारतेकाका म्हणाले. "न आरवणारा कोंबडा मी घेत नाही."

"हल्ली वेळ कुठे मिळतो वाजवायला?"

"वेळ नको हो, एक गाणं द्या. का कोंबड्याऐवजी मास्तरांचाच घसा बसलाय?"

यॉ हसला, पण ते हसू खोटं होतं. त्याने मला मांडीवर घेतलं तेव्हा त्याचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. मागच्या अंगणात सेरवा जेवणासाठी उकडलेल्या कंदांचा फुफू कांडत होती. यॉने हात तारांवर ठेवला, पण तीन बोटं हलेनात. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मला वाटलं, आता हा मला बाजूला ठेवील, पेडल घेईल आणि आम्ही दोघंही संपलो. एवढ्यात त्याची ती मुकी बोटं तारांवरून घसरली आणि माझ्या पोटावर टेकली, मामाने झिजवलेल्या जागी. ती तिथे नेमकी बसली.

तारांवर उरली फक्त दोन बोटं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं.

यॉने वाजवलं. सुरुवातीला अडखळलं, मग मामाचं जुनं गाणं, जे त्याने लहानपणी ऐकून टाकून दिलं होतं, ते आपसूक येऊ लागलं. चिरेपाशी माझा सूर खरखरत होता. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी सगळा जीव लावून वाजले. अंगणातल्या मुसळाचा आवाज थांबला. सेरवा मुसळ घेऊनच दारात येऊन उभी राहिली.

"थोडी खरखर आहे," लारतेकाका म्हणाले, "पण आवडली बुवा. हा घ्या पेडल."

यॉच्या अंगठ्याला माझी चीर जाणवली होती. तो तिच्यावरून अंगठा फिरवत बसला.

"तूसुद्धा सांगितलं नाहीस," तो मला हळूच म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "काका, राहू द्या. पेडल परत न्या."

"अहो, पण आत्ता तर देत होता!"

"देत होतो. आता नाही देत."

लारतेकाका कुरकुरत गेले. सेरवाने मुसळ भिंतीला टेकवलं आणि ती यॉसमोर बसली.

"हात दाखवा."

"काय झालंय माझ्या हाताला?"

"सूप सांडायला लागलं तेव्हापासून वाट बघतेय, तुम्ही कधी बोलताय म्हणून. दाखवा."

तिने एकेक बोट दाबून बघितलं. "इथे कळतं?" "नाही." "इथे?" "नाही." करंगळीपाशी आल्यावर यॉला रडू आलं. सेरवाने त्याचा हात सोडला नाही.

दोघं इस्पितळात जाऊन आली. वर्षानुवर्षं मान खाली घालून शिवल्यामुळे मानेतली शीर दबली आहे म्हणे. आहे एवढ्यावर थांबेल की वाढेल, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. आता कापड सेरवा कापते. यॉने माझ्या चिरेत सरस भरला आणि ती दाबून धरायला कोळशाची इस्त्री उचलली. इस्त्री माझ्या पोटावर येताना बघून मी अर्धमेली झाले! ती थंड होती, हे ती टेकल्यावर मला कळलं.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू कुरकुरू लागली तर तिला दाराकडे नेण्याआधी थोडा वेळ हातात घेऊन बसा. आणि घरातलं एखादं माणूस उगाच रोज नवं काही आणून जुनं टाकू लागलं, तर सेरवासारखा त्याचा हात मागा. मला ते कधीच कळलं होतं, पण मला बोलता कुठे येतं?

यॉ आता रोज संध्याकाळी येतो. आधी माझ्या पोटात ओला स्पंज सोडतो. मग आपली उरलेली दोन बोटं एकमेकांवर टेकवून बघतो, अजून कळतंय ना म्हणून. नंतरच मला खिळ्यावरून काढतो. पूर्वी मी दार उघडलं की घाबरायची. आता ते उघडेपर्यंत घाबरते.