पॉलिश मारलेली फरशी

वीस वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी पोरांकडून एकच गोष्ट घोटून घेतली: आकडा मागायचा नाही, मोजायचा. रोबोट जमिनीवर सोडा, चाकं किती फिरली आणि गाडी खरोखर किती सरकली ते टेपने बघा, मगच प्रोग्रॅममध्ये लिहा. पुस्तकी पोपट मला डोळ्यासमोर नकोत.

आता वरच्यांच्या डोक्यात आलं, खरे रोबोट हवेत कशाला, संगणकाच्या पडद्यावर चालवा की! समिती येणार होती. पोरांचा रोबोट कॉरिडॉरमधलं वळण घेऊन टोकाच्या दारापर्यंत नीट गेला तर प्रात्यक्षिक राहील, नाहीतर खोलीला कुलूप.

त्या दिवशी सकाळी बघतो तर काय, पाहुणे येणार म्हणून कुणा शहाण्याने कॉरिडॉरच्या फरशीला पॉलिश मारून ठेवलेलं.

आमची टेपवाली, म्हणजे गळ्यात सदा टेप अडकवून फिरणारी विद्यार्थिनी, वाकून फरशीवर बोट फिरवत म्हणाली, "सर, चाकं घसरतील. परत मोजूया. अर्धा तास पुरे."

मी घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, "आता नसते उद्योग नकोत. माझ्या वहीतले आकडे घाल, त्यांनी कधी दगा दिलेला नाही." ती घुटमळली, तेव्हा लॅपटॉप ओढून मीच घातले.

समितीसमोर रोबोट ऐटीत निघाला. चाकं घसरत होती, पण त्या बिचाऱ्याला काय पत्ता? फेरे मोजून त्याने ठरवलं की वळण आलं. हातभर आधीच वळला, भिंतीवर आदळला आणि उलटा पडला.

"हे आकडे कुणी घातले?" समितीच्या बाईंनी शांतपणे विचारलं.

"मी" म्हणायला किती वेळ लागतो हो? पण वाटलं, पोरांची चूक पोटात घालतील, मास्तरची नाही घालणार.

"आमचं मोजायचं राहिलं," टेपवाली म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"वर्षभर प्रात्यक्षिक करून मोजायचंच राहत असेल, तर ते हवं कशाला?" असं म्हणत बाईंनी अहवालात तेच लिहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो कागद सहीसाठी माझ्यापुढे आला. मी सही केली.