काळ्या राणीची डोलकाठी

रावजीनं कुऱ्हाड हाणली आणि तालमीतला मल्लखांब थरथरला. दुसरा घाव घालायच्या आत पाच-सहा पैलवान त्याच्यावर तुटून पडले. पंचाहत्तरीचा म्हातारा, त्याला लोळवायला कितीसा वेळ लागणार! एका बुक्कीत उरलेसुरले दात पडले.

"थेरड्या, उद्या नागपंचमी! उद्या ह्येची पूजा!" वस्ताद महिपती कडाडला. "देव हाय ह्यो आमचा!"

"कसला देव? काळ्या राणीची डोलकाठी हाय ती!" रावजी रक्त थुंकला. "चनमल्लप्पाच्या वखारीतनंच आणलास न्हवं? त्येला इचार की!"

खोटं काहीच नव्हतं. काळी राणी म्हणजे मुंबईत बांधलेलं सागवानी शिडाचं जहाज. आधी तिनं कापूस वाहिला, मग सरकारनं भाड्यानं घेऊन पलटणीतले कैदी अंदमानात नेले, म्हातारपणी कोळसा वाहिला, आणि शेवटी मोडीत निघून तिची लाकडं सोलापुरात चनमल्लप्पाच्या लाकडाच्या वखारीत आली; डोलकाठीचा मल्लखांब होऊनही बरीच वर्षं लोटली. पण गेल्या आठवड्यात चनमल्लप्पानं बोलता बोलता जहाजाचं नाव घेतलं, त्या दिवसापासून रावजीला घास गिळवेना. त्याचा भाऊ भीमा आणि तो, दोघे एकाच पलटणीत. आईवरून शिवी देणाऱ्या गोऱ्याला भीमानं उचलून आपटलं, रावजी मध्ये पडला, दोघांनाही काळं पाणी झालं. बोटीवर भीमानं घोटभर पाणी जास्त मागितलं. त्याला ह्याच लाकडाला बांधून मरेपर्यंत फोडला, आणि बेड्यांतला रावजी नुसता बघत राहिला; शिक्षा भोगून तो एकटाच परतला. त्याच लाकडाला उद्या दूध आणि हळदकुंकू? छे! जीव गेला तरी बेहत्तर, लाकूड उभं ठेवायचं नाही.

हे सगळं रावजी ओरडून सांगत होता. पोरं कान देऊन ऐकत होती, आणि चारचौघांत वस्तादाची अब्रू चालली होती.

"बांधा रं त्येला खांबाला!"

तालीम बाटवणाऱ्याला खांबाला बांधून फटके, हीच शिक्षा असे. शिवयोगी पैलवानानं ओल्या कासऱ्याचे दोन फटके ओढले. तिसऱ्याला हात वर जाईना. "वस्ताद, माझ्यानं न्हाय हुत."

महिपतीनं कासरा हिसकावला. "माफी माग!"

"मेलो तरी न्हाय!"

फटक्यामागून फटका. पाठ फुटली, धोतर भिजलं. तेलकट लाकडावर गाल टेकून रावजी पुटपुटला, "भीमा, आलो रं." आणि त्याची मान लटकली.

शिवयोगीनं गाठी सोडल्या, नाकाशी बोटं धरली. "वस्ताद, मेला की हो!"

महिपतीनं कासरा टाकला. संध्याकाळी फौजदारानं त्याला नेलं. शिवयोगीनं खांब तोडला, आणि त्याच लाकडावर रावजीला जाळलं. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं सागवान, लगेच पेटलं.