दानम्माचा डंका

१९९८च्या उन्हाळ्यात संघप्रियाने शिवाजी पेठेत मिरची कांडायचा विजेचा डंका टाकला, तेव्हा गळ्यातलं-कानातलं सगळं मोडलं होतं. दारावर हौसेने स्वतःच्या नावाची पाटी लावली होती. ऐन चैत्रात बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन समोरून जायच्या, पाटी वाचायच्या आणि पुढच्या गल्लीतल्या डंक्यावर रांगेत उभ्या राहायच्या. नावावरून जात ओळखायची आणि वर्षाची चटणी कुणाच्याही हातची घ्यायची नाही, एवढं पेठेला न शिकवता येत होतं.

मग शेजारची दानम्मा आली. गडहिंग्लजकडची लिंगायत विधवा, कपाळाला विभूती, तोंडाची फटकळ. "पाटी काढ आन् मला म्होरं बसीव," ती म्हणाली. "मिरच्या मी घेती, तू आत कांड. मला रोजगार दे, बास."

संघप्रियाचा नवरा धम्मपाल भडकला. "सोताचं नाव पुसून धंदा करतीस व्हय?"

"नुसत्या नावावर चूल पेटत न्हाय," म्हणून संघप्रियाने त्याला गप्प केलं आणि पाटी उतरवली.

डंका आता आपण विकत घेतला, असं दानम्माने पेठभर सांगितलं आणि तो धडाधड चालू लागला. दानम्मा दारात बसायची. आत मिरचीच्या ठसक्यात संघप्रिया कांडायची, चाळायची, चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन मीठ बघायची. तिच्या जिभेवर पेठ खूश होती. बायका दानम्माला मालकीण म्हणायच्या आणि आतल्या कामवालीला संगू. असे चार उन्हाळे गेले. आपण काय झकास डोकं चालवलं, असं संघप्रियाला वाटायचं.

पाचव्या उन्हाळ्यात दानम्मा लेकीच्या बाळंतपणाला निपाणीला गेली आणि संघप्रिया पुढे येऊन बसली. धोंडुबाई, जुनं गिऱ्हाईक, डबा घेऊन आली.

"मालकीण कुठं हाय गं?"

एवढ्या वर्षांनी आता काय लपवायचं? आपल्या हातची चव यांच्या तोंडात बसली आहे, या भरवशावर ती बोलून गेली, "मीच की मालकीण. डंका पयल्यापास्नं माजाच हाय."

"मंजे? तुमी कुणातल्या?"

"बौद्ध."

धोंडुबाईने डबा उचलला. "ऱ्हाऊ दे. दानम्मा आल्यावर बघू." मागच्या दोघीही निघाल्या. चार वर्षं हीच चटणी भाकरीबरोबर मिटक्या मारत खाल्ली, तेव्हा एकीचंही पोट दुखलं नव्हतं! दुसऱ्या दिवसापासून डंक्याकडे कुणी फिरकेना. हंगाम हातचा चालला होता, आणि या हंगामावरच घराचं वर्ष निघायचं.

दानम्मा परत आली, सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. आता ही आपल्या बाजूने उभी राहील, बायकांना चार शब्द सुनावेल, असं संघप्रियाला वाटलं. दानम्मा खरंच गल्लीत जाऊन उभी राहिली.

"अगं, संगूनं चेष्टा केली की तुमची! डंका माजा हाय. आन् संगू आमच्यातलीच हाय, चांगली."

संध्याकाळी दारात परत रांग लागली.

"वाईट वाटून घिऊ नगंस," दानम्मा हळूच म्हणाली. "धंदा ऱ्हायला पायजे न्हवं?" ती अगदी मायेने बोलत होती, आणि संघप्रियाला तेच जास्त लागलं.

धोंडुबाईने हसत डबा पुढे केला. "चेष्टा करावी गं बाई, पर असली?"

संघप्रियाच्या ओठांवर सगळं आलं होतं. तिने धोंडुबाईकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि डबा घेतला.

"चुकलं, मावशी," ती म्हणाली. "परत न्हाय करायची."