रिंगेच्या आतलं रबर

कारखान्यातल्या ड्रायरच्या दाराची रबरी रिंग फाटली, आतली तापलेली हवा भसकन बाहेर आली आणि फिटरमामांचा उजवा हात भाजला. चौकशी लागली तसे सगळे हात झटकून मोकळे. मॅनेजर म्हणाला, रिंग चांगलीच असणार, मामांनी बसवताना चिमटली. झालं! हात भाजला तो भाजला, वर नोकरीवरही गदा.

रिंग लॅबमध्ये आली. लॅबवालीने ती इन्फ्रारेडच्या यंत्रावर दाबून धरली. यात जादूबिदू काही नाही. पदार्थातला प्रत्येक रासायनिक बंध आपल्या वाट्याचे ठरावीक किरण गिळतो, आलेखात तिथे खळगा पडतो, आणि खळगे वाचले की पदार्थ कळतो. खळगे निघाले सिलिकॉनचे, म्हणजे ड्रायरला लागतं तेच रबर. तिला मामांसाठी वाईट वाटलं, पण आलेख काही कुणाची भीडभाड ठेवत नाही.

दुपारी मामा हात गळ्यात अडकवून आले.

"पोरी, चिमटेल कशी? ग्रीस चोपडल्याशिवाय मी एक रिंग बसवत नाही."

"कसलं ग्रीस?"

"सिलिकॉनचं. त्या उष्णतेला दुसरं टिकतंय कुठे?"

तिने कपाळावर हात मारला. यंत्राला दिसतो तो फक्त वरचा पातळ थर. इतका वेळ ती मामांचं ग्रीसच वाचत बसली होती. तिने ब्लेडने रिंग कापली आणि आतला ताजा काप यंत्रावर ठेवला. आता एक अरुंद, टोकदार खळगा भलत्याच जागी उतरला. तो कार्बन-नायट्रोजनच्या तिहेरी बंधाचा होता, आणि सिलिकॉनमध्ये त्याचं काही कामच नाही. हे नायट्राइल रबर होतं, तेलाला चांगलं, पण ड्रायरच्या उष्णतेत तडकणारं.

"सुटलात मामा," ती म्हणाली. "रिंगच चुकीची आलीय."

मामा हसले नाहीत. खरेदी खात्यात त्यांचाच मुलगा होता. या रिंगा त्यानेच मागवल्या होत्या, आणि किती स्वस्तात मिळवल्या ते बापाला कौतुकाने सांगितलंही होतं.

"पहिल्या आलेखाचाच रिपोर्ट दे," ते म्हणाले. "माझं काय, निवृत्तीला आलोय. त्याचं सगळं आयुष्य पडलंय."

तिला गलबलून आलं. तरी ती म्हणाली, "त्याच पेटीतल्या रिंगा बाकीच्या ड्रायरनाही बसवल्यात, मामा. तिथेही माणसं उभी असतात."

मामा पट्टीतल्या हाताकडे बघत राहिले. मग उठले.

"ते ड्रायर आत्ता बंद करायला सांग. रिपोर्ट उद्या दे. आज घरी त्याला मी सांगतो. मॅनेजरच्या तोंडून कळायला नको."