मुरुडच्या वाटेवर पंक्चर

त्या शनिवारी तात्या नांदगावच्या घराच्या अंगणात सायकल उलटी करून साखळीला खोबरेल तेल चोपडत होते. खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून. त्यांची मुलगी भार्गवी ओटीवर वाचत होती.

"पुस्तक ठेव गं. टायर कसा उतरवतात बघ."

"दुकानं आहेत की, तात्या."

"मुरुडच्या वाटेवर? कुणी, नाम्यानं टाकलंय?"

नामा म्हणजे तात्यांचा कोळी दोस्त. त्याची होडी मुरुडला लागली की धक्क्यावर दोघांचा पत्त्यांचा डाव रंगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या उठलेच नाहीत.

नामा तेव्हा समुद्रावर होता. तेराव्यानंतर त्याची होडी आली. मासळी उतरवून, बर्फ भरून संध्याकाळच्या भरतीला पुन्हा निघणार होती.

"मी फोन करतो त्यांना," तिचा भाऊ वरद म्हणाला. आजवर सगळ्यांना त्यानंच कळवलं होतं. कुणाचाही फोन आला की भार्गवी तो त्याच्या हातात द्यायची.

"नको. नामाकाकांना समोर जाऊन सांगायला हवं," भार्गवी म्हणाली.

दुपारची एसटी चुकली होती. तात्यांच्या सायकलच्या साखळीला त्यांच्यासारखंच तेल लावून ती निघाली, आणि तीन किलोमीटरवर मागचं चाक बसलं. एका अंगाला डोंगर, दुसरीकडे खडक. चालत जाऊन होडी गाठणं शक्य नव्हतं.

सीटखालच्या पिशवीत दोन जुने चमचे, पॉलिश पेपर, सोल्यूशन आणि दोन पॅच निघाले. चमचे कशाला? तिनं एकाचा दांडा टायरखाली सरकवला, दुसरा वीतभर पुढे. टायर अलगद रिमबाहेर आला. चाक काढावंच लागत नाही तर! दांडीला बांधलेल्या पंपानं ट्यूबमध्ये हवा भरून तिनं ती कडेच्या खडकातल्या डबक्यात बुडवली. बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. ती क्षणभर बघतच राहिली.

पॅच लावला. तो घसरला.

का? सोल्यूशन भरपूर लावलं होतं, ट्यूब ओढणीनं पुसली होती. तिनं बोटं एकमेकांवर घासली. खोबरेल! साखळीचं तेल अजून हातांवर होतं. तेलकट भांड्याला आई माती लावते तशी तिनं कोरडी माती हातांना आणि ट्यूबला चोळली, झटकली, पॉलिश पेपर मारला. सोल्यूशन लावून वाळेपर्यंत टायर आतून चाचपला. मासळीचा एक काटा रुतून बसला होता. तो उपटला. उरलेला पॅच दाबून धरून तिनं शंभर आकडे मोजले.

या वेळी तो हलला नाही.

धक्क्यावर पोचली तेव्हा होडीचं इंजिन चालू होतं. दोर सोडता सोडता नामानं आधी सायकल ओळखली, मग तिला.

"अगं, तू? नि तुजा बापूस कुठं हाय? हरंल म्हणून तुला धाडली काय?"

आजूबाजूचे खलाशी हसले. तिनं सायकल स्टँडवर लावली, पाण्याच्या कडेपर्यंत गेली.

"इंजिन बंद करा, नामाकाका."

त्यानं केलं.

"तात्या गेले."