बाबांच्या झडपेचा शोध

मी सर्च बॉक्स बोलतोय. वैद्यकीय संशोधनाच्या एका अवाढव्य साठ्याच्या तोंडाशी असलेली लांबट पांढरी चौकट, ती मी. आत जगभरचे शोधनिबंध आहेत. ज्यांनी मला घडवलं त्यांनी एकच काम दिलं: जे शब्द येतील त्यांचेच निबंध पुढे करायचे. न विचारलेलं सांगायची मला मुभा नाही. म्हणूनच माझा जीव कायम टांगणीला असतो.

माणसं तऱ्हेतऱ्हेची. कुणी अख्खा परिच्छेद माझ्यात कोंबतो, कुणी एकच शब्द टाकून निबंधांचा ढीग पाहून पळतो. पण सगळ्यात अवघड ती घाबरलेली माणसं. उत्तर ती प्रश्नातच घालून आणतात.

त्या सकाळी जयपूरच्या मालवीय नगरातून गौतमी आली. फिजिओथेरपी शिकणारी पोरगी. तिचे बाबा बळवंत मूळचे अकोल्याचे, रेल्वेचं इंजिन चालवून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत ऑपरेशनचा होकार किंवा नकार हवा होता. गौतमीने टाइप केलं: अरुंद झडप, ऑपरेशन, धोके, मृत्यू.

मी तेवढंच दिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. अगं, ऑपरेशन नाही केलं तर काय, तेही विचार ना! मी आतल्या आत तळमळत होतो.

"काय शोधून राहिली, बेटा?" शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं.

तिने शब्द मोठ्याने वाचले. इंजिनात एकाने सिग्नल पुकारायचा आणि दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, ही सवय बाबांच्या अंगात मुरलेली. त्यांनीही शांतपणे म्हटलं, "अरुंद झडप. ऑपरेशन. धोके. मृत्यू."

त्यांच्या तोंडून ते ऐकून तिला रडूच फुटलं. "नाही बाबा, मतलब... मी घाबरून एकच बाजू विचारली."

तिने सगळं पुसलं. आजाराचं साधं आणि डॉक्टरी अशी दोन्ही नावं घातली, कुठल्याही नावाचा निबंध सुटू नये म्हणून मध्ये 'किंवा' लावलं. धाप लागणारे रुग्ण, ऑपरेशन केलेले आणि न केलेले, अशी तुलना मागितली. अनेक अभ्यास एकत्र तपासणारे निबंध आधी उघडले. धोके त्यांतही होते. पण धाप लागू लागल्यावर नुसतं थांबणं जास्त घातक, असं पुन्हा पुन्हा दिसत होतं. ती वाचत गेली, बाबा परत म्हणत गेले.

"लाव डॉक्टरला फोन," शेवटी बाबाच म्हणाले.

फोनवर ठरलं तसं आज ऑपरेशन आहे. माझा कर्सर नुसता लुकलुकतोय. पुढे काय झालं ते मला कुणी कळवत नाही. एवढंच ठाऊक आहे, बरी झालेली माणसं इकडे फिरकत नाहीत. तुम्ही याल तेव्हा नको वाटणारा शब्दही विचारा, एवढी विनंती. आणि गौतमी, अभ्यासासाठी खुशाल ये. बाबांच्या झडपेसाठी मात्र परत येऊ नकोस.