पाठ लागल्यावर

हिलालला एक कोडं बरेच दिवस सुटलं नव्हतं. तो हरला की मोतीलाल शेट त्याच्यावर जास्तच खूश व्हायचा. दुसऱ्या एखाद्या मालकाने शिव्या घातल्या असत्या, खुराक तोडला असता. हा मात्र स्वतःच्या हाताने हिलालच्या सुजलेल्या गालाला हळद लावायचा, साय घातलेलं दूध पुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "हिलाल, तू अस्सल माणूस आहेस रे. तुझ्यासारखा दुसरा मला मिळायचा नाही." मेल्याने आयुष्यात एवढं एकच खरं सांगितलं असेल.

हिलाल चोपड्याकडच्या खेड्यातला. आईबाप प्लेगात गेले आणि हे पोर उघड्यावर पडलं, तेव्हा गावच्या उखर्डू वस्तादांनी त्याला उचलून तालमीत आणलं. सगळा गाव वस्तादांना आबा म्हणायचा, हिलालही आबाच म्हणायचा, पण त्याच्या तोंडी तो शब्द 'बाप' याच अर्थाने यायचा. आबांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे तालीम हिलालने सांभाळावी, हे त्यांच्या मनात होतं आणि हिलालच्या तर झोपेतही तेच होतं. लाल माती चाळावी, तिच्यात तेल-ताक जिरवावं, पोरांना डाव शिकवावेत. याच्यापलीकडे त्याला काही नको होतं.

मध्येच हा मोतीलाल उपटला. जळगावचा माणूस, तंबूतला सिनेमा घेऊन गावोगाव फिरायचा. त्याने नवी टूम काढली होती, गुद्द्यांची कुस्ती. चारी बाजूंनी दोर, खाली ताडपत्री, हातांत उशीसारखे फुगलेले चामड्याचे मोजे. बॉक्सिंग म्हणतात याला, असं तो ऐटीत सांगायचा. भुसावळच्या रेल्वेतले फिटर, फायरमन खेळायला यायचे आणि बघ्यांची ही झुंबड उडायची. जिंकेल त्याला तिकिटांतला निम्मा हिस्सा, हरेल त्याला नुसता खुराक, अशी त्याची बोली. हिलालचे खांदे पाहून तो आबांच्या दारात ठाणच मांडून बसला. आबांना हे थेर पसंत नव्हते. पण पोराने चार गावं बघावीत म्हणून ते कबूल झाले. निरोप देताना म्हणाले, "जाय. एक तरी जोड जिंकीसन ये. मंग ही तालीम तुन्ही."

पहिली जोड जळगावला झाली. हिलालने समोरच्याला असा काही रेटला की लोक बाकांवर उभे राहिले. तेवढ्यात एक गुद्दा हनुवटीवर बसला आणि हिलाल उताणा झाला. लागलं-बिगलं फारसं नव्हतं. पंच बोटं नाचवत इंग्रजीत आकडे मोजू लागला. हिलाल उठला, समोरच्याशी हात मिळवला आणि दोराखालून वाकून बाहेर आला. आकडे अजून निम्म्यावरही आले नव्हते. अहो, लोक काय हसले! शेंगांची टरफलं फेकली त्याच्या अंगावर. यात हसायचं काय, हे हिलालला कळेना. पाठ लागली, कुस्ती संपली. पाळण्यातल्या पोरालाही एवढं कळतं.

दुसरे गडी पडायचे, दहा आकडे व्हायच्या आत उठायचे आणि पुन्हा भिडायचे. ते पाहताना हिलालच मान खाली घालायचा. एकदा त्याने विचारलंच, "शेट, पडल्यावर उठणं हे कायद्यात बसतं का?"

"बसतं ना," मोतीलाल म्हणाला, "पण कोणासाठी? ज्याला लाज नाही त्याच्यासाठी. तू आबांचा चेला. तू कशाला उठशील?"

हिलालची छाती फुगली. भोळा होता हो, अगदी भोळा. पारोळा, एरंडोल, अमळनेर, सगळीकडे तेच झालं. समोरचा पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा, पुन्हा उठायचा. हिलाल एकदाच पडायचा आणि घरचा रस्ता धरायचा. तालीम दर खेपेला चार पावलं लांब जात होती, पण आब राखल्याचं समाधान होतं.

भुसावळला ते कोडं सुटलं. जोड झाल्यावर नळावर तोंड धुताना फर्नांडिस नावाचा फायरमन शेजारी आला. त्यानेच हिलालला नुकतं पाडलं होतं. ओठ पुसत म्हणाला, "पहिलवान, तू मेरे से डबल ताकदवाला. गिरने के बाद उठता क्यों नहीं? तेरा सेठ तो तेरे हारने पर पैसा लगाता है. हमको बोलता है, एक बार लिटा दो, बस."

हिलालने पुन्हा तोंडावर पाणी मारलं. पुन्हा मारलं. पाण्याने काय होणार होतं? गालाला लावलेली हळद, ते दूध, ती 'अस्सल माणूस' म्हणून पाठीवर पडलेली थाप, सगळं त्याला आता उलगडलं. मोतीलालच्या नरड्याचा घोट घ्यावा असं त्याला वाटलं. पण तो आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. त्याने मनाशी ठरवलं, पुढली जोड धुळ्याला आहे. पडलो तर उठायचं. जिंकायचं, निम्मा हिस्सा घ्यायचा आणि थेट तालमीत जायचं.

मोतीलालच्या नजरेतून काही सुटायचं नाही. हिलाल दूध तसंच ठेवून उठतो, डोळ्याला डोळा देत नाही, हे त्याने दोन दिवसांत हेरलं. तो गालातल्या गालात हसला आणि चोपड्याकडे माणूस धाडला.

धुळ्याला जिनिंगच्या आवारात दुपारी जोड लागली. कापसाच्या गाड्या सोडून माणसं आली होती. हिलाल दोराखालून आत शिरला आणि समोर पाहतो तर पहिल्या खुर्चीवर उखर्डू आबा! धुतलेलं धोतर, डोक्याला नवं पागोटं, हातात काठी. शेजारी मोतीलाल त्यांना पानाचा विडा देत होता. आबांनी असला खेळ जन्मात पाहिला नव्हता. पोराला पाहून त्यांचा चेहरा फुलला. त्यांना का आणलंय, हे त्याला तेव्हाच कळलं.

समोर फर्नांडिसच होता. हिलाल जीव तोडून खेळला. पडायचंच नाही, म्हणजे उठायचा प्रश्नच नको. पण बाजूने आलेला गुद्दा त्याला दिसलाच नाही. ताडपत्री पाठीला लागली.

पंच मोजू लागला. हिलालने मान वळवली. आबांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या लेखी कुस्ती संपली होती. मोतीलाल मात्र टक लावून त्याच्याकडे पाहत होता आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "शाबास."

ते ओठ हिलालने पाहिले आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला. लोकांनी एकच गिल्ला केला. त्यानंतर फर्नांडिसला काही सुचूच दिलं नाही त्याने. फर्नांडिस पडला तो दहा आकडे होऊन गेले तरी उठला नाही. पंचाने हिलालचा हात वर केला. या खेळात पहिल्यांदाच हिलाल जिंकला होता.

तो धावतच आबांकडे गेला. "आबा, जिंकनू!"

आबांनी काठी टेकली आणि उठून उभे राहिले. "तुन्ही पाठ लागनी व्हती, हिलाल."

"आबा, ह्या खेळना कायदा येगळा शे. दहा आकडा व्हवापर्यंत उठता येस."

"कायदा येगळा व्हई रे भो," आबा म्हणाले, "पाठ ते तुन्हीच व्हती ना?"

हिलालने त्यांचे पाय धरले. मोतीलालचं कपट सांगितलं, पैजा सांगितल्या, नळावरचं बोलणं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांचा या पोरावर जीव होता, कोणाचा नसेल एवढा. पण पाठ लागल्यावर उठलेल्या माणसाने पोरांना काय शिकवायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी हिलालच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि काढून घेतला. मग काठी टेकत ते आवाराबाहेर पडले, एकटेच. तालमीचं नावही त्यांनी काढलं नाही.

गर्दी पांगली. हिलाल ताडपत्रीच्या कडेला बसून राहिला. थोड्या वेळाने मोतीलाल आला. पैज हरला होता, पण जिभेवरची साखर जशीच्या तशी. "कपडे घाल रे. जळगावची मोटार उभी आहे. पुढच्या महिन्यात तुझी मोठी जोड लावतो. तू उठतोस, हे आता लोकांनी पाहिलंय."

"शेट, मन्हा हिस्सा," हिलाल म्हणाला.

"तुझाच आहे बाबा, कोण नाही म्हणतंय? राहू दे माझ्याकडे," मोतीलाल त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तुला तरी तो आता कुठं न्यायचाय?"

हिलालने अंगात सदरा चढवला. तो उठला आणि मोटारीत जाऊन बसला.